आठव्या चालीचा घोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका क्लबची लीग, ९० मिनिटं आणि चालीमागे ३० सेकंद. विचारणाऱ्यांचं रेटिंग १५०० च्या थोडं वर, समोरच्याचं १६०० च्या आसपास. पांढऱ्या मोहऱ्यांनी क्वीन्स गँबिट (आधी डी४, मग सी४ अशी सुरुवात) खेळले, पहिल्या दहा चाली दोघांनाही पाठ होत्या. अकराव्या चालीवर २२ मिनिटं गेली, तरी काय करायचं ते सुचलं नाही आणि ४१ चालींत डाव गेला. मित्र सांगतात लंडन सिस्टिम (डी४ नंतर उंट एफ४ वर ठेवायची ठरावीक मांडणी) खेळ, नाहीतर पहिलीच चाल सरळ ई४ कर. तर डी४-सी४ सोडून द्यावं का?

सोडू नका. का, ते तुमच्याच डावावरून सांगतो. स्कोअरशीटवर प्रत्येक चालीपुढे घड्याळातला वेळ लिहिलात, त्याचा मला फार उपयोग झाला. मी शिकवतो त्या मुलांना हेच सांगून थकतो. चालीमागे ३० सेकंद मिळत असतील तर शेवटपर्यंत चाली लिहिणं नियमानेच बंधनकारक आहे. मग त्याच रकान्यात मिनिटं लिहायला काय जातं? डाव कुठे अडला हे घड्याळ सांगतं.

आधी डाव सगळ्यांसाठी मांडतो. घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर; नुसतं घर लिहिलं तर प्याद्याची चाल; × म्हणजे मारणं; कंसातलं अक्षर म्हणजे मोहरा कोणत्या उभ्या रांगेतून निघाला ते; कॅसल म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घो-सी३ घो-एफ६ ४. सी×डी५ ई×डी५ ५. उं-जी५ उं-ई७ ६. ई३ कॅसल ७. उं-डी३ घो(बी)-डी७ ८. घो-एफ३ ह-ई८ ९. व-सी२ सी६ १०. कॅसल घो-एफ८. काळा सी४ चं प्यादं मारत नाही तेव्हा त्याला क्वीन्स गँबिट डिक्लाइन्ड म्हणतात; त्यातलं हे एक्स्चेंज व्हेरिएशन, म्हणजे डी५ वर प्याद्यांची अदलाबदल. जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनी दोन्ही बाजूंनी खेळलेली स्थिती आहे ही. इथे तुमची मोहरी चांगल्या घरांवर आहेत, राजा सुरक्षित आहे, काहीही चुकलेलं नाही.

मग २२ मिनिटं विचार करून तुम्ही ११. घो-ई५ खेळलात. घोडा मध्यभागी, पुढे एफ४, मग हत्ती एफ३ वरून एच३ वर आणि राजावर हल्ला, असं काहीसं मनात असणार. तुमच्या पातळीवर दहापैकी सात जण हेच खेळतात. समोरच्याने लगेच ११... घो-जी४ खेळून सगळी हवाच काढून घेतली. १२. उं×ई७ व×ई७ १३. घो×जी४ उं×जी४. तीन चालींत दोन जोड्या मोहरी पटावरून गेली. ज्याला जागा कमी, त्याला अदलाबदल सोयीची. काळ्याचा सी८ चा उंट या ओपनिंगमध्ये नेहमीच कोंडलेला असतो. तुम्ही स्वतःहून त्याला जी४ वर आणून बसवलात. डी७ चा घोडा एफ८ वर गेल्यामुळे त्या उंटाची वाट मोकळी झाली होती, हे पाहायचं राहून गेलं.

तरीही डाव बरोबरीचाच होता. १४ ला एफ३ ची घाई केली नाहीत हे चांगलं झालं. वजिराने ई३ चं प्यादं शह देऊन उचललं असतं. १४. ह(एफ)-ई१ व-जी५ इथपर्यंत ठीक. मग १५. एफ४ आलं. वजीर ई७ वर मागे गेला, पण त्या एका चालीने ई४ हे घर तुम्ही कायमचं देऊन टाकलंत, कारण आता ते घर राखायला ना एफ प्यादं उरलं, ना डी प्यादं. ई३ चं प्यादं मागे अडकलं, त्याच्या रक्षणाला वजीर एफ२ वर आणावा लागला. पुढचं समोरच्याने सुंदर खेळलं. उंट एच५ वरून जी६ वर आणून पांढऱ्या घरांचे उंट मारून घेतले, घोडा डी७, एफ६ करत ई४ वर आणला, आणि ई फाइलवर, म्हणजे ई च्या उभ्या रांगेत, दोन हत्ती एकामागे एक लावले. पंधराव्या चालीला राजा एच१ अशी साधी चाल केली असतीत तर काही बिघडलं नसतं. मग उंट एफ३ वर आला असता तर जी प्याद्याने तो मारता आला असता.

पण माझ्या मते डाव ना पंधराव्या चालीला गेला, ना अकराव्या. अडचण आठव्या चालीला सुरू झाली. आठवी चाल, घो-एफ३, चूक नाही. ती उत्तम चाल आहे. पण ती खेळताना आपण एक योजना निवडतोय आणि दुसरी सोडतोय, याची तुम्हाला कल्पना नव्हती. पाठ केलेल्या चालींचा हाच धोका असतो. घड्याळात आठव्या चालीला तुमची चार सेकंदं गेली आहेत, आणि अकराव्या चालीला त्याचीच २२ मिनिटं भरावी लागली.

सी×डी५ ई×डी५ झालं की प्याद्यांची जी रचना तयार होते तिला कार्ल्सबाड म्हणतात, आज चेकियात असलेल्या त्या गावच्या जुन्या स्पर्धांवरून. पांढऱ्याकडे डी४-ई३, काळ्याकडे डी५-सी६. मधली प्यादी एकमेकांना अडवून उभी. पांढऱ्याला सी फाइल अर्धी उघडी (तिथे त्याचं स्वतःचं प्यादं नाही), काळ्याला ई फाइल अर्धी उघडी. आता पांढऱ्यासमोर दोन रस्ते आहेत, आणि कोणता घ्यायचा हे तुमचा राजाच्या बाजूचा घोडा कुठे बसतो त्यावर ठरतं.

घोडा ई२ वर बसवलात तर एफ प्यादं मोकळं राहतं. मग एफ३ करून ई४ ची तयारी करायची, मधोमध दोन प्यादी शेजारी उभी करायची आणि ती पुढे रेटायची. १९५२ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता बोटविनिकने ग्रँडमास्टर केरेसविरुद्ध हा रस्ता असा काही खेळून दाखवला, की तो डाव आजही या योजनेचा नमुना म्हणून मुलांपुढे मांडला जातो. तुम्हाला राजाच्या बाजूला आणि मध्यावर खेळायला आवडत असेल, आणि तुमचे दोन-तीन डाव पाहून मला तसंच वाटतं, तर तुमचा रस्ता हा. आठव्या चालीला घो(जी)-ई२. एवढाच बदल.

घोडा एफ३ वर ठेवलात की एफ प्यादं त्याच्यामागे अडकतं. ई४ ढकललं तर डी४ एकटं पडतं. म्हणजे मध्यावरचा रस्ता जवळजवळ बंद. आता खेळ वजिराच्या बाजूला, आणि त्याचं नाव मायनॉरिटी अटॅक, म्हणजे कमी प्याद्यांनी जास्त प्याद्यांवर केलेला हल्ला. मांडणी एका योजनेची आणि चाल दुसऱ्या योजनेची, असं तुमचं झालं. २२ मिनिटांत उत्तर सापडलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही शोधत होतात ते पटाच्या त्या बाजूला नव्हतंच.

मायनॉरिटी अटॅक मला नीट कळला तो पुस्तकातून नाही. आमच्या नौपाड्याच्या बैठकीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका यायचे. जुलैतला रविवार, बाहेर धो धो पाऊस, हॉलमध्ये आम्ही सहा-सात जणच. मी तेव्हा विशीत होतो, काळ्या मोहऱ्यांनी हाच बचाव खेळत होतो आणि मला तो पक्का येतो असा माझा समज होता. काकांनी हत्ती बी१ वर आणला. मी ए५ केलं, त्यांनी ए३. मग बी४, ए फाइलवर मारामारी, आणि बी५. प्रत्येक चालीनंतर ते हात मांडीवर ठेवून शांत बसायचे. बी५ आल्यावर मी बराच वेळ पाहत राहिलो. दोन प्यादी तीन प्याद्यांवर चालून येतात, त्यात त्यांना काय मिळणार?

तेव्हा जे मला दिसलं नाही ते हे. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची प्यादी दोन, ए आणि बी. काळ्याची तीन: ए, बी आणि सी. बी प्यादं बी५ वर येऊन सी६ ला भिडलं की काळ्याकडे चांगलं उत्तर उरत नाही. मारू दिलं, बी×सी६ बी×सी६ झालं, तर सी६ चं प्यादं मागासलेलं, म्हणजे दुसऱ्या प्याद्याचा आधार न मिळणारं, आणि ते बरोबर पांढऱ्याच्या अर्ध्या उघड्या सी फाइलवर उभं. स्वतःहून सी×बी५ केलं तर डी५ चा आधार गेला. बी७ आणि डी५ अशी दोन दुखणी मागे लागली. सी५ ढकललं तर डी×सी५ नंतर डी५ एकटं पडतं, मात्र त्या बदल्यात काळ्याची मोहरी मोकळी होतात. माझ्या मते क्लबच्या पातळीवर काळ्याला त्यातल्या त्यात हाच मार्ग बरा. कमी प्याद्यांचा हल्ला समोरच्याची प्यादी जिंकायला नसतो. सरळ, धडधाकट प्याद्यांच्या रांगेत एक कायमचं दुखणं तयार करायला असतो.

मी बी×सी६ होऊ दिलं. काकांनी घोडा सी३ वरून ए४ वर आणि तिथून सी५ वर नेला. त्याला तिथून हुसकायला माझ्याकडे बी प्यादं उरलंच नव्हतं. हत्ती सी१ वर आला. मी माझे दोन्ही हत्ती सी६ च्या रक्षणाला लावले आणि जरा निर्धास्त झालो, कारण सी६ वर जेवढे हल्ले तेवढेच बचाव होते. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, सी१ चा हत्ती उचलला आणि ए१ वर नेला. माझे हत्ती सी फाइलवर बांधलेले. ए फाइल रिकामी. दोन चालींत त्यांचा हत्ती ए७ वर येऊन एफ७ कडे पाहत उभा राहिला. डाव संपला तेव्हा सी६ चं प्यादं जागच्या जागी होतं. त्याला कुणी हातही लावला नव्हता.

डावानंतर त्यांनी त्या प्याद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अरे, हे मला नकोच होतं. तू ते सांभाळत बसावंस, एवढंच हवं होतं." इतक्या वर्षांत या रचनेबद्दल मी बरंच वाचलं आणि शिकवलं, पण याहून नेमकं वाक्य मला मिळालेलं नाही.

तेव्हा तुमच्या स्थितीत अकरावी चाल: ह(ए)-बी१. सरळ बी४ का नाही, तर ई७ च्या उंटाची नजर बी४ वर आहे. काळा ए५ खेळेल, म्हणजे बी४ वर दोन मारे झाले, म्हणून ए३. मग बी४, आणि ए फाइलवर मारामारी होऊन मग बी५. यात तुम्हीही काहीतरी देता: उघडी ए फाइल आधी काळ्याच्या ए८ च्या हत्तीला मिळते. आपलं प्यादं कुठे कच्चं राहतंय का ते प्रत्येक चालीला पाहा.

काळा हातावर हात धरून बसणार नाही. दोन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचं. एक म्हणजे ई४ चं घर. त्याची अर्धी उघडी फाइल तिथेच आहे, त्याचा घोडा तिथे यायला टपलेला असतो, आणि तुम्ही वजिराच्या बाजूला गुंतलात की तो राजावर चालून येतो. म्हणून सी२ चा वजीर आणि डी३ चा उंट उगाच हलवायचे नाहीत. ते ई४ वर पहारा देतात, आणि काळ्याच्या उंटाला एफ५ वर येऊन अदलाबदलही करू देत नाहीत. काळ्या घरांचे उंट गेले तरी तुमचं फारसं नुकसान नाही. पांढऱ्या घरांचा उंट जपा; तुमच्या डावात तो जी६ वर मारून घेतला गेला आणि त्यानंतरच घोडा ई४ वर निवांत बसला. राजासमोरची प्यादीही कारणाशिवाय हलवू नका. एच३ नेहमी वाईट असते असं नाही, पण तिथे काळ्याला उंट देऊन राजा उघडा पाडायची संधी मिळू शकते.

दुसरं म्हणजे सी४. तुम्ही बी४ केल्यावर काही जण स्वतःच बी५ खेळून तुमचं प्यादं रोखतात. वरवर पाहता त्यांनी सी६ कायमचं कच्चं करून घेतलं असं वाटतं. पण घोडा डी७, बी६ करत सी४ वर बसला, की सी फाइलच बुजली, आणि तुमच्या हत्तींना सी६ दिसेनासं होतं. म्हणून काळ्याच्या बी५ नंतर आधी मोजायचं: त्याचा घोडा सी४ ला किती चालींत पोचतो? तो लांब असेल तर तुम्ही सुखात. जवळ असेल तर वजिराच्या बाजूचा हल्ला रेटत बसू नका. खेळ मध्यावर न्यायची तयारी करा.

आता लंडन आणि ई४. लंडन वाईट नाही. ठाण्यात शाळकरी मुलांच्या स्पर्धेत गेलात तर निम्म्या पटांवर तेच दिसतं, कारण कमी पाठांतरात दहा चाली सुखरूप पार पडतात. पण तुमची अडचण दहा चालींनंतरची आहे. लंडनमध्ये अकरावी चाल येईल तेव्हा तीच २२ मिनिटं जातील. ई४ चंही तेच, शिवाय सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान असे काळ्याचे बचाव, प्रत्येकाची वेगळी रचना शिकावी लागेल. इथे निदान एकच रचना आहे, आणि ती वारंवार येते. फिशर आयुष्यभर ई४ चा खेळाडू. पण १९७२ मध्ये रेक्याविकला स्पास्कीविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, सहाव्या डावात त्याने सी४ ने सुरुवात केली, डाव क्वीन्स गँबिटमध्ये गेला, आणि तो जिंकल्यावर स्पास्कीने स्वतः टाळ्या वाजवल्या. त्याआधी १९२७ मध्ये ब्यूनस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात जगज्जेतेपदासाठी ३४ डाव झाले. त्यातले ३२ याच क्वीन्स गँबिट डिक्लाइन्डचे. एवढं घोळून घेतलेलं ओपनिंग आजही पहिल्या दर्जाच्या स्पर्धांत खेळलं जातं. त्यात तुम्हाआम्हाला शिकण्यासारखं एवढ्यात संपणार नाही.

एक सावधगिरीचा मुद्दा, कारण तुम्ही चालींचा क्रम कधीकधी बदलता असं लिहिलंय. चौथ्या चालीला सी×डी५ न करता उं-जी५ खेळलात आणि काळ्याने घो(बी)-डी७ केलं, तर ५. सी×डी५ ई×डी५ नंतर डी५ चं प्यादं फुकट दिसतं, कारण एफ६ चा घोडा वजिरासमोर अडकलेला असतो. ६. घो×डी५ खेळू नका. काळा ६... घो×डी५ करतो, ७. उं×डी८ ला ७... उं-बी४ शह, आणि तुम्हाला वजीर डी२ वर मधे घालावाच लागतो. हिशोब झाला की एका प्याद्यासाठी घोडा गेलेला असतो. शाळेत असताना मी यात दोनदा सापडलोय, त्यामुळे कळकळीने सांगतो.

सरावाचं एकच सांगतो. दहाव्या चालीनंतरची ती स्थिती पटावर मांडा, खऱ्या पटावर, मोबाइलवर नको. क्लबमधल्या एखाद्या जोडीदाराला घ्या आणि तिथून २५ मिनिटांचे सहा डाव खेळा; तीन पांढऱ्याने, तीन काळ्याने. काळ्याने खेळणं टाळू नका. सी६ चं ओझं स्वतः वाहिल्याशिवाय ते समोरच्यावर कधी लादायचं हे कळत नाही. इंजिन (चाली तपासणारा संगणक) लावायचं ते सहाही डाव झाल्यावर, आणि तेसुद्धा आधी स्वतःच्या शब्दांत लिहून झाल्यावर: कोणत्या चालीला माझी योजना काय होती? मग पुढचे सहा डाव घोडा ई२ वर ठेवून. दोन्हींपैकी कशात तुम्हाला चाल शोधावी लागत नाही, ती आपोआप सुचते, ते बघा. तो तुमचा रस्ता.

तुमचं रोजचं कल्याण लोकलने येणं-जाणं आहे असं दिसतं. बसायला जागा मिळाली तर चुंबकाचा छोटा पट खूप कामाचा असतो. नाही मिळाली तर डोळे मिटून फक्त प्यादी आठवा: डी४, ई३ विरुद्ध डी५, सी६. घोडे, उंट सगळे बाजूला. बी५ आल्यावर तिन्ही शक्यतांत प्यादी कशी उरतात ते मनात मांडून पाहा. कळव्याहून मुंब्र्यापर्यंत तेवढं होतं.

लीगच्या पुढच्या डावाची स्कोअरशीट पाठवाल तेव्हा घड्याळाचे आकडे याच वेळेसारखे लिहा. आठव्या चालीला किती मिनिटं लागली, ते मी आधी बघेन.